मीटररूममधली पिल्ले, त्यांची कबरी आई आणि आमची सोसायटी

केवडा (धागाकर्ती)

नमस्कार. पुण्यातील आमच्या सोसायटीच्या मीटररूममध्ये, गणपतीच्या जुन्या फ्लेक्सच्या गुंडाळीमागे, एक तीन रंगांची कबरी मांजर व्यायली आहे. चार पिल्ले आहेत आणि त्यांचे डोळे नुकतेच किलकिले झालेले दिसतात. पावसाचे पाणी दाराच्या फटीतून आत येते, वॉचमनकाका पिल्ले तिथून हलवा म्हणतात आणि इमारतीतली मुले प्रेमापोटी वाटीतून गाईचे दूध पाजायला निघाली आहेत. आई सकाळपासून दिसलेली नाही. माझ्याकडे पाहुण्यांसाठीचे एक न्हाणीघर रिकामे असते, तिथे पिल्ले ठेवता येतील. पण ती उचलावीत की नाही, उचलल्यास काय पाजावे आणि मुख्य म्हणजे आईचे पुढे काय करावे, हे मला कळत नाही. समितीतील दोघांचे म्हणणे असे की सगळ्यांना पोत्यात घालून मच्छीबाजारात सोडावे, तिथे त्यांच्या खाण्याची आपोआप सोय होईल. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ओसरी

केवडाताई, आज पिल्ले उचलू नका. आई दिसत नाही याचा अर्थ आई नाही असा होत नाही. पाजणारी मांजर स्वतःचे पोट भरण्यासाठी काही तास बाहेर राहते आणि माणसांची वर्दळ असेल तर ती येऊनही दाराशी थबकते व माघारी जाते. मुलांना तिथून दूर करा आणि तुम्हीही लांबून पाहा. रात्री लक्ष ठेवणे शक्य नसेल तर पिल्लांपासून हातभर अंतरावर कणकेची अगदी पातळ रेघ ओढून ठेवा (जाड ओढलीत तर मुंग्या लागतील). आई येऊन गेली असल्यास सकाळी त्यात पंजे उमटलेले दिसतील.

पिल्ले एकमेकांवर गोळा होऊन गप्प झोपलेली असतील, पोटे गोल आणि अंग उबदार असेल, तर आई त्यांना पाजते आहे असे समजावे. अंग गार, पोट खपाटीला, अंगावर घाण वाळलेली आणि रडणे न थांबणारे, अशी लक्षणे दिसली तर मात्र वाट पाहत बसू नये. माणसाचा हात लागला की मांजर पिल्लाला टाकते, ही समजूत खरी नाही. त्यामुळे पाणी आत येत असेल तर एका खोक्यात जाड कापड घालून पिल्ले त्याच खोलीत उंचावर, आईला सहज सापडतील अशा जागी ठेवायला हरकत नाही. तिला ती जागा पटली नाही तर ती आपली आपण हलवील. मांजर पिल्लांना सात घरे दाखवते असे आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही.

गोठ्यातला डॉक्टर

मी निवृत्त पशुवैद्य आहे. आयुष्य गाई-म्हशींत गेले, मांजरांशी संबंध आला तो पुढे मुलीमुळे. ओसरीताईंनी सांगितलेले बरोबर आहे. आईच्या दुधाची आणि उबेची बरोबरी आपल्याच्याने होत नाही. मांजराच्या पिल्लाचे डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात, तेव्हा तुमची पिल्ले दीड आठवड्याच्या आसपासची असावीत. जन्मतः पिल्लाचे वजन साधारण १०० ग्रॅम असते आणि नीट पोसले गेल्यास ते रोज १० ते १५ ग्रॅमने वाढते. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा असेल तर तो हाताशी ठेवा, कारण पिल्लाचे बिनसले की अन्य काही दिसण्याच्या आधी वजन अडते.

गाईचे दूध ताबडतोब बंद करा. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिने असतात, चरबीही जास्त असते आणि दुग्धशर्करा कमी. गाईच्या दुधाने पिल्लाला जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाला एका दिवसाचे जुलाबही पुरे होतात. त्याहून मोठा धोका मुले पाजतात त्या पद्धतीचा आहे. बाळासारखे उताणे धरून तोंडात दूध ओतले की ते श्वासनलिकेत जाते आणि फुप्फुसाचा दाह होतो. पिल्लू नेहमी पोटावर, आईला लुचताना असते तसे ठेवावे, मान किंचित वर असावी आणि त्याने स्वतः चोखावे. आपण पिचकारी दाबू नये.

वेंधळा

डॉक्टरसाहेब, आमच्याकडे गावी शेळीचे दूध पाजतात आणि पिल्ले जगतातही. ते चालेल का? शिवाय ड्रॉपर वापरावा की कापसाची वात?

गोठ्यातला डॉक्टर

रात्री दुकाने बंद आहेत आणि पिल्लू भुकेले आहे, अशा वेळी एका रात्रीपुरते शेळीचे दूध वापरल्यास मी रागावणार नाही, परंतु तो पूर्ण आहार नव्हे. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध-पावडर पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळते. ती डब्यावरील प्रमाणानेच कालवावी. पातळ केली तर पोषण होत नाही आणि घट्ट केली तर पोट बिघडते. कापसाची वात नको, तंतू पोटात जातात. सुई काढलेली १ किंवा २ मिलिलिटरची सिरिंज व तिच्या टोकाला बसणारे छोटे रबरी निपल उत्तम. १०० ग्रॅम वजनाच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी साधारण ४ मिलिलिटर दूध मावते. म्हणून थोडे थोडे आणि वरचेवर, पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी आणि पुढचे दोन आठवडे दर तीन-चार तासांनी, रात्र धरून, पाजावे लागते.

प्रत्येक पाजण्याच्या आधी किंवा नंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखालची जागा हलकेच पुसावी. पिल्लाला तीन-साडेतीन आठवड्यांपर्यंत शी-शू आपणहून करता येत नाही. आई चाटून ते करवून घेते. दूध वेळेवर पाजले जाते आणि हे राहून जाते, मग पोट फुगलेले पिल्लू घेऊन लोक दवाखान्यात येतात.

केवडा

सर्वांचे आभार. कणकेत पंजे उमटले होते, म्हणजे आई येत होती. मात्र काल रात्रीच्या मुसळधार पावसात तिने मुक्काम हलवला. तीन पिल्ले बी विंगच्या जिन्याखालच्या कोनाड्यात सापडली, चौथे मात्र मीटररूममध्येच राहिले आहे. सर्वांत लहान तेच आहे. दुपारपर्यंत ती त्याला न्यायला आली नाही आणि आता ते हाताला गार लागते आहे. पावडर आणली आहे. लगेच पाजू का?

गोठ्यातला डॉक्टर

नाही! गार पिल्लाला दूध पाजू नका. शरीराचे तापमान उतरलेले असताना आतडे काम करत नाही आणि पाजलेले दूध पोटात तसेच राहते. आधी ऊब द्या. तुमच्या अंगाशी, कपड्याच्या आत धरा किंवा गरम पाण्याची पिशवी टॉवेलात दोनदा गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा, म्हणजे फार तापल्यास पिल्लाला सरकायला जागा राहील. हेअर ड्रायर किंवा गरम पाण्याने आंघोळ हे प्रकार करू नयेत. ऊब हळूहळू, तासाभरात यावी. दरम्यान साखरेच्या कोमट पाण्याचा थेंब बोटाने हिरड्यांना लावा. अंग उबदार झाले, तोंड हलू लागले आणि ते बोट चोखू लागले की मगच दूध. त्यानंतरही मान टाकत असेल तर घरगुती उपाय थांबवून दवाखाना गाठा.

ओसरी

आणि ताई, ते सावरले की आजच संध्याकाळी त्याला कोनाड्यातल्या भावंडांजवळ ठेवून पाहा. पावसात पिल्ले हलवताना एखादे मागे राहते, ते नेहमीच नाकारलेले असते असे नाही. आई बहुधा घेते. पाजणाऱ्या मांजरी परके पिल्लूही घेतात. तासाभरात तिने त्याला चाटून जवळ ओढले तर तुमच्या रात्री वाचतील. बाजूला ढकलले तर ते तुमचे.

केवडा

तिने त्याला बाजूला ढकलले. दोनदा ठेवून पाहिले. आता ते न्हाणीघरात आहे आणि भुकेची वेळ झाली की सगळ्या मजल्याला कळवते.

लिंबलोण

मी केवडाच्याच इमारतीत राहते आणि मला पाचवा महिना आहे. सासूबाईंनी मला त्या मजल्यावरही जाऊ नको असे बजावले आहे. मांजरामुळे गर्भाला धोका असतो हे कितपत खरे आहे?

गोठ्यातला डॉक्टर

टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि गर्भारपणात प्रथमच संसर्ग झाल्यास गर्भाला धोका संभवतो, एवढे खरे आहे. परंतु विष्ठेतील परजीवी संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून मांजराच्या शी-शूचा मातीचा ट्रे रोज आणि दुसऱ्या कोणीतरी साफ केला, तर त्या मार्गाने संसर्ग होण्याची शक्यता फार कमी राहते. अर्धवट शिजलेले मांस, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती हे मार्ग अधिक महत्त्वाचे आहेत. त्या मजल्यावर गेल्याने काही होत नाही. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना मात्र जरूर विचारा, म्हणजे सासूबाईंनाही सांगायला आधार मिळेल.

बी विंग सचिव

या धाग्याचा दुवा आमच्या सोसायटीच्या गटावर आला म्हणून लिहीत आहे. प्राण्यांवर दया करावी याविषयी दुमत नाही. परंतु स्कूटरच्या सीटा फाटतात, गाड्यांवर ओरखडे उठतात, बोक्यांच्या मुताचा वास लिफ्टपर्यंत येतो आणि दोन-तीन घरांतून जिन्यात टाकलेल्या भात-मासळीवर घुशी येतात. तक्रारी माझ्याकडे येतात, पिल्लांना पाजणाऱ्यांकडे नाही. मच्छीबाजाराचा पर्याय क्रूर वाटत असेल तर दुसरा व्यवहार्य पर्याय कोणता, तो सांगावा.

तळटीप

सचिवसाहेब, कायद्यापुरते लिहितो. प्राणी उपाशी-तहानलेला राहून हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणे हे प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली येते. विष घालणे किंवा जायबंदी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जन्मनियंत्रणाचे २०२३ चे केंद्रीय नियम प्रामुख्याने कुत्र्यांसाठी आहेत. तथापि खाऊ घालण्याविषयीच्या नियम २० मध्ये परिसरात राहणाऱ्या बेवारस प्राण्यांसाठी जागा आणि वेळ ठरवण्याची व्यवस्था सोसायटीने करावी असे म्हटले आहे, आणि ती जागा जिने, प्रवेशद्वार व मुलांच्या खेळण्याची जागा यांपासून दूर असावी असेही. म्हणजे जिन्यातल्या भात-मासळीवरची तुमची तक्रार नियमाला धरूनच आहे.

ओसरी

सचिवांच्या चारही तक्रारी खऱ्या आहेत आणि आपण मांजरवाल्यांनी त्या हसण्यावारी नेल्या की पोते बाहेर निघते, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मच्छीबाजारात सोडलेले मांजर तिथल्या मांजरांकडून मार खाते, गाडीखाली येते किंवा परत येण्याच्या नादात हरवते. इकडे सोसायटीत आसरा आणि खाणे तसेच राहते, त्यामुळे शेजारच्या आवारातली मांजरे काही महिन्यांत ती जागा घेतात, आणि तीही नसबंदी न झालेली. तुम्ही दरवर्षी तेच पोते उचलत राहाल.

मांजरीचे गर्भारपण सुमारे ६३ ते ६५ दिवसांचे असते. मादी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. एका जोडीपासून सात वर्षांत लाखो मांजरे होतात असे जे फलक फिरतात त्यांवर माझा विश्वास नाही, कारण बाहेर जन्मलेल्या पिल्लांपैकी बरीच पिल्ले पहिले काही महिनेही पाहत नाहीत. ती मरतात ती तुमच्या मीटररूममध्ये आणि गाडीच्या बॉनेटमध्ये, एवढाच त्याचा अर्थ. केवडाताई आज एका पिल्लासाठी रात्री जागत आहेत. ही कबरी तशीच राहिली तर दिवाळीच्या सुमारास पुन्हा चार पिल्ले जिन्याखाली असतील. पिल्लू सांभाळणे आणि आईची नसबंदी ही माझ्या लेखी दोन कामे नाहीत.

व्यवस्था अशी करावी. पार्किंगच्या मागच्या भिंतीशी एकच जागा ठरवा. सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी, मोजके, शक्यतो कोरडे खाणे ठेवा आणि अर्ध्या तासात भांडी उचला, म्हणजे घुशींना काही उरत नाही. शिवाय मांजरे त्या वेळी हजर राहायला शिकतात, त्यामुळे मोजता येतात आणि पुढे पकडताही येतात. जिन्यात खाणे टाकणाऱ्या घरांना याच व्यवस्थेत सामील करून घ्यावे; नुसती बंदी घातली तर ती मंडळी रात्री अकराला टाकतात. कोपऱ्यात वाळूचा एक उथळ वाफा ठेवून तो रोज साफ केला तर गाड्यांखालची घाण कमी होते. मुताचा उग्र वास मुख्यतः नसबंदी न झालेल्या बोक्यांच्या फवारणीचा असतो. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत फवारणी, रात्रीचे ओरडणे आणि मारामाऱ्या बऱ्याच कमी होतात. सीटा मात्र नसबंदीने वाचत नाहीत, त्यांना कव्हर घाला.

बी विंग सचिव

पटण्यासारखे आहे. पण खर्च कोणाचा, आणि ही घंटा मांजराच्या गळ्यात बांधणार कोण? ती कबरी तर माणूस दिसताच कुंपणावरून उडी मारते.

ओसरी

घंटा पिंजऱ्याने बांधायची. मुंबई महापालिकेने भटक्या मांजरांची नसबंदी २०१९ मध्ये सुरू केली. अन्य शहरांत कुठे पालिका तर कुठे संस्था हे काम सवलतीत करतात. आधी तुमच्या प्रभागाच्या पशुवैद्यकीय विभागाला लेखी विचारा, सोसायटीच्या पत्रावर विचारल्यास उत्तर लवकर येते. पिंजरा संस्थांकडून अनामत ठेवून मिळतो.

पकडण्याआधी आठवडाभर बंद न होणाऱ्या, दार बांधून ठेवलेल्या पिंजऱ्यातच खाऊ घाला. ठरल्या दिवशी नेहमीचे खाणे कोणीही द्यायचे नाही. यात एक घर फुटले की सगळा बेत फसतो. आत पायपट्टीच्या (जिच्यावर पाय पडताच दार बंद होते तिच्या) पलीकडे तळलेल्या बांगड्याचे डोके किंवा भाजलेला सुका बोंबील ठेवा. मांजर अडकताक्षणी पिंजऱ्यावर जुनी चादर टाका, अंधार झाला की ती पुष्कळ शांत होते. भूल उपाशीपोटी द्यायची असल्याने रात्री पकडून सकाळी नेणे सोयीचे पडते. पकडलेली तीच आहे ना, हेही पाहा. कबऱ्या मांजरी अनेक असतात, आणि दुसरीच पाजणारी आई नेलीत तर तिची पिल्ले कुठेतरी उपाशी राहतील.

गोठ्यातला डॉक्टर

वेळेबद्दल सांगतो. पिल्ले आठ आठवड्यांची होईपर्यंत थांबता आले तर उत्तम, परंतु तोपर्यंत ती पुन्हा गाभण राहील अशी चिन्हे असतील, म्हणजे बोके मागे लागले असतील, तर पिल्ले स्वतः खाऊ लागल्यावर, सहाव्या आठवड्याच्या सुमारास, शस्त्रक्रिया करता येते. पाजत्या मांजरीत कुशीतून छेद देण्याची पद्धत बरी पडते, कारण सुजलेल्या आचळांपासून जखम दूर राहते. भुलीत असतानाच नसबंदीची खूण म्हणून कानाचे टोक सरळ कापतात, त्यामुळे पुन्हा कोणी तिला पकडून पोट उघडत नाही. पावसाळ्यात मादीला लगेच बाहेर सोडू नका. तीन-चार दिवस कोरड्या जागी, पिंजऱ्यात किंवा न्हाणीघरात ठेवा. वाळूऐवजी जुन्या वर्तमानपत्रांचा थर घाला, वाळू जखमेच्या टाक्यांना चिकटते.

केवडा

मधल्या काळाचा वृत्तान्त. न्हाणीघरातले पिल्लू आता खेळते आहे, दात आले आहेत आणि पावडरीच्या दुधात भिजवलेले ओले खाणे बशीतून खाते. कोनाड्यातली तिघे खात असल्याने आणि दोन बोके घिरट्या घालत असल्याने आम्ही कबरीला पकडले. शस्त्रक्रिया नीट पार पडली. खर्च सहा घरांनी वाटून घेतला. आता दोन प्रश्न आहेत. माझ्या घरी आधीचे एक मांजर आहे, या पिल्लाला त्याच्यात मिसळू का? आणि जिन्याखालची तिघे माणसाला पाहताच फिस्कारतात, त्यांना घरे मिळतील का?

गोठ्यातला डॉक्टर

लसीशिवाय मिसळू नका. पॅनल्युकोपेनिया हा विषाणूजन्य आजार पिल्लांचा सर्वांत मोठा वैरी आहे. उलट्या, जुलाब, ताप, आणि दोन दिवसांत पिल्लू जाते. विषाणू जमिनीवर वर्षभरही तग धरतो. किमान दोन आठवडे वेगळे ठेवा, भांडी वेगळी, हात धुऊनच दुसऱ्या खोलीत जा. न्हाणीघर फिनेलने मुळीच पुसू नका. आपल्याकडे स्वच्छता म्हणजे फिनेल असे समीकरण आहे, पण फिनॉल-वर्गातील रसायने मांजराच्या यकृताला पेलत नाहीत. ते पंजे चाटते आणि विष पोटात जाते. १ भाग ब्लीच आणि ३२ भाग पाणी दहा मिनिटे ठेवून नंतर स्वच्छ धुवावे. त्याच कारणाने पॅरासिटॅमॉलची गोळी आणि कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त पिसूचे औषध मांजराच्या वाऱ्यालाही नको. जंताचे औषध वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून घ्या. तिहेरी लस (पॅनल्युकोपेनिया आणि सर्दीचे दोन विषाणू यांवरची) सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर. चावले किंवा ओरबाडले तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शनसाठी जा, पिल्लू कितीही गोजिरे असो.

वेंधळा

तिघांना तिथेच राहू द्यावे असे मला वाटते. रानटी जिवाला कोंडून माणसाळवणे हीही एक प्रकारची जबरदस्तीच आहे. मोठी झाल्यावर नसबंदी करावी म्हणजे झाले.

ओसरी

वेंधळेराव, पाच-सहा महिन्यांच्या भेदरलेल्या मांजराबाबत मी तुमच्याच बाजूने बोलेन. पण ही सात आठवड्यांचीही नाहीत. माणसाची सवय लागण्याचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा, फार तर नवव्यापर्यंतचा. आत्ता एका लहान खोलीत घेतली, खाणे केवळ हातातूनच दिले आणि रोज थोडा वेळ मांडीवर घेतले तर पंधरवड्यात बरीचशी निवळतात. महिन्याने हेच काम दसपट कठीण होईल. केवडाताई, तुमचे पिल्लूही लस झाल्यावर यांच्यातच सोडा. एकट्याने बाटलीवर वाढलेले पिल्लू चावण्याचा जोर भावंडांकडूनच शिकते, नाहीतर माणसाचे हात हेच त्याचे खेळणे होते.

घर देताना आठ आठवड्यांच्या आत देऊ नका आणि शक्यतो जोडीने द्या. पहिला प्रश्न खिडक्यांच्या जाळीचा विचारा. कबुतरांची नायलॉनची जाळी मांजर दातांनी तोडते आणि आठव्या मजल्यावरून पडते. धातूची जाळी किंवा बारीक अंतराची ग्रिल आहे का, ते प्रत्यक्ष जाऊन पाहा. नसबंदी करवून घेण्याचे लेखी घ्या आणि फोन करून पाठपुरावा करा. जो माणूस तुम्हाला घरी येऊ देत नाही, त्याला पिल्लू देऊ नका. काळ्या पिल्लाला मागणी उशिरा येते, तेव्हा त्याचे फोटो उजेडात काढा.

बी विंग सचिव

समितीने पार्किंगमागची जागा मंजूर केली आहे आणि वेळांची सूचना फलकावर लावली आहे. मात्र तो मोठा पिवळा बोका पिंजऱ्यापाशी येतो, हुंगतो आणि निघून जातो. दोन रात्री बोंबील तसाच राहिला.

ओसरी

त्याने कबरीला अडकताना पाहिले असणार. आठवडाभर पिंजरा नजरेआड करा. नंतर पिंजऱ्याचा तळ जाड वर्तमानपत्राने झाका, कारण पायाला लागणारी तार त्यांना आवडत नाही, आणि खाणे बाहेरपासून आत अशा लहान लहान तुकड्यांच्या ओळीने ठेवा. तरीही नाही आला तर वरून पडणारा, दोरीने ओढायचा पिंजरा मागवा. त्यात दार नसल्याने बोके फसतात. दोरी धरायला सवयीचा माणूस हवा. शनिवारी संध्याकाळी मला जमेल.